चूळ भरून या

साताऱ्यातल्या आमच्या काकांकडे कुणी माउथ ऑर्गन बघायला मागितला तर ते आधी विचारतात, "सकाळपासून काय काय खाल्लंय?" मागणारा संकोचून खरं सांगतो. पोहे म्हणाला तर काका मोहरीची चौकशी करतात. मिसळ म्हणाला तर फरसाणाची. आणि कुणी चुकून कंदी पेढा म्हणाला तर विषय तिथंच संपतो. "मग आज नको. उद्या या. उपाशी या."

कुणी दुसऱ्या दिवशी खरोखरच उपाशी आला, तरी त्याला मोरीकडे पाठवलं जातं. तिथं तांब्या भरून ठेवलेला असतो. तीनदा चूळ, तीही खळखळून. मग रुमालानं ओठ कोरडे. एवढं झाल्यावर काका डबी उघडतात, माउथ ऑर्गन दाखवतात आणि डबी मिटतात. बघायलाच मागितला होता ना?

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. सगळी नोकरी कालव्यांची गळती शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर ती नजर कुठंतरी लागायला हवी होती. शनिवार पेठेतल्या त्यांच्या घरात गळती म्हणून सापडत नाही, कारण काकूंचा कारभार चोख. उरला हा माउथ ऑर्गन. होनर कंपनीचा, जर्मनीतल्या ट्रॉसिंगन गावी बनलेला, 48 रीडचा, लाकडी कंगव्याचा, म्हणजे मधली दातेरी चौकट लाकडाची. 'दोस्ती' सिनेमा बघून वेड लागलं तेव्हा मुंबईत जाऊन घेतलेला. वाजवण्यासाठीच घेतला होता, असं ते अजूनही सांगतात.

पूजा आटोपली की काका खिडकीशी बसतात. मांडीवर धुतलेला पंचा. त्यावर मलमलचं फडकं, मऊ ब्रश, दात कोरायच्या काड्या, भिंग आणि बॅटरी. आधी माउथ ऑर्गन भोकं खाली करून तळहातावर आपटायचा, आतली थुंकी बाहेर पडावी म्हणून. काल वाजवलेलाच नसतो, तेव्हा थुंकी येणार कुठून, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. "हवेत दमटपणा असतो," काका म्हणाले. मे महिना होता. मग एकेका भोकाची कड काडीनं कोरायची, ब्रश फिरवायचा, फडक्यानं पुसायचं, आणि शेवटी बॅटरी लावून, एक डोळा मिटून, डॉक्टर घसा तपासतात तसं प्रत्येक भोकात बघायचं. डबी लगेच मिटायची नाही. अर्धा तास उघडी ठेवायची, आतला ओलावा उडून जावा म्हणून. डबीत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या, ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या आहेत. काका दुकानात बूट आवडला की आधी खोक्यात पुडी आहे का ते बघतात.

हसायला सोपं आहे, पण काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माउथ ऑर्गनच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. एक टोक पत्र्याला जखडलेलं, दुसरं मोकळं, आणि खाली तेवढ्याच मापाची फट. हवा लोटली की पट्टी त्या फटीत आत-बाहेर झुलते आणि सूर निघतो. पट्टी आणि फटीची कड यांच्यामध्ये जागा इतकी कमी की एखादा केस अडकला तरी पट्टी मुकी होते. हार्मोनियममध्येही याच रीड आणि हीच युक्ती. फक्त पेटीला भाता असतो आणि इथं भात्याच्या जागी माणूस.

"आणि भाता पेढे खात नाही," काका म्हणतात.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यावर उभं आहे. शिवाय माउथ ऑर्गन फुंकूनही वाजतो आणि ओढूनही. अर्धे सूर बाहेर जाणाऱ्या श्वासाचे, अर्धे आत येणाऱ्या श्वासाचे. म्हणजे एकदा आत फुंकलेला पेढ्याचा कण पुढं कधीतरी, वाजवणाऱ्याला पत्ता न लागता, त्याच्याच घशात परत येऊ शकतो. "कुणाचा पेढा कुणाच्या घशात जाईल सांगता येत नाही," असं म्हणून काका मान हलवतात. राजवाड्यावरून मोती चौकाकडे जाताना पेढ्यांची दुकानं लागतात. म्हशीच्या दुधाचा तो खरपूस, चिकट खवा बघून लोकांना पाणी सुटतं. काकांना रीड दिसतात.

सिनेमा ते याच नजरेनं बघतात. 'दोस्ती' 1964 चा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत, आणि पडद्यामागे माउथ ऑर्गन वाजवला आहे राहुल देव बर्मन यांनी. ही माहिती काका भक्तिभावानं सांगतात आणि लगेच म्हणतात, "पण तो पोरगा मुंबईच्या फुटपाथवर वाजवतोय. धूळ केवढी!" 'शोले'तला जय रात्रीच्या वेळी व्हरांड्याच्या पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो, आणि समोरच्या सज्जात विधवा सून एकेक दिवा मालवत जाते. सगळं थिएटर तेव्हा गलबललं होतं. काका अस्वस्थ झाले होते ते वेगळ्याच कारणानं. रामगढसारखं धुळीचं गाव, आणि हा गडी वाजवून झाल्यावर एकदाही आपटत नाही! ते सूर भानू गुप्ता यांनी मुंबईत स्टुडिओत बसून वाजवलेत, तिथं धूळ नसणार, असं सांगून मी त्यांची समजूत काढली. तेवढ्यापुरतं त्यांना बरं वाटलं.

अंतराळवीराच्या बाबतीत मात्र समजूत निघाली नाही. डिसेंबर 1965 मध्ये जेमिनी 6 यानातून वॉली शिरा या अमेरिकन अंतराळवीरानं चोरून नेलेल्या चिमुकल्या होनरवर नाताळचं गाणं वाजवलं. पृथ्वीबाहेर वाजलेलं ते पहिलं वाद्य मानतात. मी मोठ्या उत्साहानं हे काकांना सांगितलं. काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तिथं चूळ कशी भरली असेल?"

कंपनीचा मूळ पुरुष मथियास होनर हा घड्याळजी होता आणि त्यानं 1857 साली माउथ ऑर्गनचा धंदा सुरू केला, हे कळल्यापासून काका त्याला आपल्यातला मानतात. डोळ्याला भिंग लावून बारीक पितळ न्याहाळणारा माणूस कुठंही जन्मला तरी काकांचा भाऊबंदच. पेटीबद्दल मात्र त्यांच्या मनात थोडी अढी आहे. रेडिओनं 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली, याचं पेटीवाले अजून दुःख करतात. "आमच्यावर बंदी घालण्याइतकीसुद्धा कुणी किंमत केली नाही," असं काकांचं दुःख.

इतकं करून काका वाजवतात काय, असं कुणीही विचारील. 'दोस्ती'तल्या एका गाण्याचा मुखडा त्यांना पूर्ण येतो. अंतरा येत नाही. तो बसवायला घेतला की तोंडाची वाफ आत जाते, मग साफसफाई, मग वाळवणं, आणि तेवढ्यात जेवायची वेळ होते. जेवल्यावर तर वाजवता येतच नाही.

हा सगळा संसार सुखानं चालला होता. मग मुलगी सांगलीला दिली.

व्याही हळदीचे अडते. मार्केट यार्डात पेढी, बोटं कायम पिवळी, आवाज सौद्याचा. माणूस अत्यंत प्रेमळ, आणि दुर्दैवानं त्यांच्याकडेही माउथ ऑर्गन. चिनी बनावटीचा, प्लॅस्टिकच्या कंगव्याचा. नातवासाठी घेतला म्हणतात, पण वाजवतात स्वतः, जेवल्यावर, झोपाळ्यावर बसून. पहिल्यांदा साताऱ्याला आले तेव्हा काकांचं खिडकीतलं काम त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हणं, एवढं काय कोरीत बसलाय? नळाखाली धरा, दोन फुका हाणा, झालं!"

काकांच्या हातातला चहा बशीत सांडला.

त्या दिवसापासून दोन्ही घरांत हा वाद आहे. लग्नात मानपानावरून एक शब्द झाला नाही, पण माउथ ऑर्गन धुवावा की पुसावा यावर दिवाळी गाजते. व्याह्यांचा पुरावा भक्कम. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्यांचा खालचा मजला पाण्यात होता. कपाटाच्या खणातला माउथ ऑर्गनही. पाणी ओसरल्यावर तो गाळानं भरलेला सापडला. व्याह्यांनी बादलीत खळबळला, गच्चीवर वाळवला, फुंकला, आणि वाजला.

"महापूर पिऊन आलाय माझा! तुमचा तांब्याभर पाण्यानं मरतोय व्हय?"

"तुमचा कंगवा प्लॅस्टिकचा आहे," काका शांतपणे म्हणाले. "माझा लाकडाचा. पाणी लागलं की लाकूड फुगतं. मधले दात पुढं येतात, ओठ सोलतात. वाळलं की लाकूड आक्रसतं, फटी पडतात, आणि मग हवा गळते." 'गळते' म्हणताना त्यांचा आवाज नोकरीतला झाला.

"आयुष्यभर धरणाचं पाणी सोडलंत आणि तांब्याला भिताय?"

"म्हणूनच भितो. पाणी काय करतं ते मला माहीत आहे."

खरं तर दोघांचंही बरोबर आहे. प्लॅस्टिकचा कंगवा कोमट पाण्यात धुवावा, झटकावा, उघड्यावर वाळवावा. काही बिघडत नाही. उकळतं पाणी तेवढं घालू नये. लाकडाच्या कंगव्याला मात्र पाणी दाखवू नये. मी हे एकदा दोघांच्या मध्ये बसून समजावून सांगितलं. दोघंही माझ्यावर रागावले. वाद मिटावा अशी कुणाचीच इच्छा नव्हती.

व्याह्यांचं पुढचं सुचवणं हळदीच्या पाण्याचं होतं. जंतू मरतात, आणि पितळ तसंही पिवळंच. काकांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी त्याआधी एक घाव सोसला होता. एका दिवाळीला काकूंनी देवाची भांडी चिंचेनं घासताना माउथ ऑर्गनची झाकणंही 'कशी काळवंडलीत' म्हणून घासून दिली होती. झाकणं लखलखली. आंबट पाणी आत गेलं की काय, या धास्तीनं काकांनी त्या वर्षी फराळ केला नाही. व्याही हरायला लागले की गाव पुढं करतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सीतास्वयंवर सांगलीत केलं, मराठी रंगभूमी तिथं जन्मली, मग बाजा धुवायचा कसा हे साताऱ्यानं सांगलीला शिकवू नये, असा त्यांचा मुद्दा असतो. यातलं पहिलं अर्धं इतकं खरं आहे की दुसऱ्या अर्ध्याला काय म्हणावं ते पटकन सुचत नाही.

एका पावसाळ्यात काकांचा एक सूर गेला.

गेला म्हणजे मुका झाला नव्हता. अशा माउथ ऑर्गनमध्ये एकेका सुराला दोन रीड असतात आणि एक मुद्दाम दुसऱ्यापेक्षा जराशी चढी ठेवलेली असते. दोन्ही एकत्र वाजल्या की सूर थरथरतो. काकांच्या एका सुरातली थरथर गेली होती. सूर सपाट यायचा. मला कळलं नाही, काकूंना कळलं नाही, गाणं शिकवणाऱ्या शेजारणीलाही दोनदा ऐकावं लागलं. काकांना पहिल्या फुंकरीला कळलं. एरवी त्यांच्या चुळीला हसणारे आम्ही त्या दिवशी जरा गप्प झालो. अंतरा न येणाऱ्या माणसाला कान असू शकतो, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

तपास सुरू झाला. पहिला संशय नातवावर, कारण तो सुटीत येऊन गेला होता आणि खिशात भडंग होतं. सांगलीचं भडंग, म्हणजे आरोप थेट व्याह्यांच्या घरावर. त्यात लसणाचे तळलेले तुकडे असतात, शेंगदाण्याची सालं असतात. "लसणाचं साल रीडखाली गेलं तर संपलं," काका म्हणाले. नातवानं फोनवर शपथ घेतली. दुसरा संशय यवतेश्वराकडून येणाऱ्या धुक्यावर. तिसरा पोवई नाक्यावरच्या धुरावर. रीडला सुई लावायला काका धजेनात. पट्टी आडवी सरकली तर फटीच्या कडेला घासते आणि कायमची बिघडते, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी व्याह्यांचाच फोन आला. "मिरजेला या. आपल्या ओळखीचा पेटी दुरुस्त करणारा हाय."

काका साताऱ्याहून एसटीनं निघाले, सोबत मी. माउथ ऑर्गन सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. धातू गार असला आणि गरम श्वास लागला की आत दव धरतं, म्हणून. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा अशा सगळ्या थांब्यांवर त्यांनी काही खाल्लं नाही. सांगलीला व्याही वाट बघत होते, डब्यात भडंग घेऊनच.

मिरजेत आधी चुकून तंतुवाद्यांच्या गल्लीत शिरलो. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते तंबोऱ्याकडे वळले, आणि आता मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. अर्धवट रंगवलेले भोपळे टांगलेल्या एका दुकानात काकांनी बराच वेळ चौकशी केली. आम्हाला वाटलं, वाद्याची. ते विचारत होते, पॉलिशनंतर पुसायला कापड कुठलं वापरता.

पेटीवाल्याचं दुकान एका बोळात निघालं. माणूस पन्नाशीचा, तोंडात पान, समोर पेटीचा उघडा सांगाडा. त्यानं हात न धुता काकांचा माउथ ऑर्गन उचलला तेव्हा काकांनी व्याह्यांचा दंड धरला. झाकण निघालं. त्यानं माउथ ऑर्गन उजेडाकडे धरून तिरका केला, दाढीची अर्धी पत्ती घेतली, रीडखाली अलगद सरकवली, वर उचलली, आणि टोकावर काहीतरी पांढरं घेऊन बाहेर काढली. मग झाकण बसवलं. भोकांची बाजू शर्टाला पुसली. आणि पान गालात सरकवून माउथ ऑर्गन सरळ तोंडाला लावला.

काकांनी डोळे मिटले.

सूर आला. थरथरत आला. त्यावर पेटीवाल्यानं 'दोस्ती'तलं तेच गाणं धरलं, आणि मुखड्यावर न थांबता अंतरेही वाजवले, दोन्ही. काका डोळे मिटूनच ऐकत राहिले. धक्क्यानं की आनंदानं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

"काका, पुसता कशानं?" पेटीवाल्यानं विचारलं.

"मलमलच्या फडक्यानं. रोज."

त्यानं पत्तीवरचं पांढरं काकांच्या तळहातावर ठेवलं. मलमलचा धागा होता, नखाएवढा.

"आणि वाजवता कधी?"

काका बोलले नाहीत. "वाजवत चला," तो म्हणाला, "पडून राहिली की रीड धूळ धरते." पैसे त्यानं घेतले नाहीत. व्याह्यांनी त्याला भडंग दिलं. ते त्यानं पानासकट खाल्लं.

परतताना व्याही एक शब्द बोलले नाहीत. हा त्यांच्या प्रेमळपणाचा कळस होता. काकांनी सांगलीला पोचल्यावर माउथ ऑर्गनची भोकांची बाजू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, बोळा नीट पिळून, लाकडाला थेंब लागू न देता. त्या रात्री झोपाळ्यावर दोघं बसले. व्याह्यांनी आपला वाजवला, जेवून. काकांनीही वाजवला. मुखडा झाला, अंतऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत गाडी गेली, आणि मग ते चूळ भरायला उठले.

आता काका रोज पाव तास वाजवतात. त्यामुळे साफसफाईचा वेळ वाढून पाऊण तास झाला आहे. मलमल बंद झाली. धागा सुटणार नाही असं कापड हवं, आणि ते म्हणजे जुनं, धुऊन मऊ झालेलं रेशीम, असा निष्कर्ष निघाला. काकूंच्या लग्नातल्या शालूकडे त्यांची नजर गेली होती. काकूंनी कपाटाला कुलूप घातलं. विहीणबाईंनीही सांगलीहून नकार कळवला. तेव्हा आपल्यापैकी कुणाकडे वीतभर जुनं रेशीम असेल तर कृपया साताऱ्याला पोचतं करावं. द्यायला स्वतः येणार असाल तर वाटेत पेढे खाऊ नका.